मिशीवाली माशी

मांडवीच्या आमच्या परसात कोथिंबीर फुलावर गेली, तरी मी ती उपटत नाही. शेजारीण हसते. हसू दे! त्या पांढऱ्या फुलांवर होव्हरफ्लाय येतात. रंग गांधीलमाशीचा, पण डंख नाही, आणि हवेत एका जागी तरंगत राहतात. शाळेतून निवृत्त झाले आणि मला त्यांचं वेड लागलं. ह्यांनाही त्यात ओढलं. फोटो ह्यांनी काढायचे, नाव मी शोधायचं. ह्यांचा हात स्थिर, जन्मभर घड्याळं दुरुस्त केलेला. दोन वर्षांपूर्वी 'कंटाळा आला' म्हणून ह्यांनी दुकान बंद केलं, तेव्हापासून घरीच.

दोन जाती मला फार छळायच्या. दोन्ही पिवळ्या-काळ्या, आकारानेही सारख्याच. एकीच्या पाठीवर जाड काळ्या पट्ट्यांच्या मध्ये आणखी एक बारीक काळी रेघ असते, मिशीसारखी. दुसरीला ती नसते. फोटो नीट असेल तर हा फरक कळतो.

गेल्या हिवाळ्यात फोटोच नीट येईनात. फोनला चिमट्याने भिंग लावायचं, फोन पुढेमागे करायचा आणि माशी स्पष्ट दिसली की बटण दाबायचं, एवढंच काम. पण सगळे फोटो धुरकट! खाऱ्या वाऱ्याने काच गेली म्हणून मी नवीन भिंग आणलं. तरी तेच. मग फोन दुकानात नेला. दुकानदाराने एका बिलाचा फोटो काढला, त्यात अक्षर न् अक्षर स्वच्छ. "काकी, फोनला काही झालेलं नाही." मी त्याच्यावरच करवादले.

घरी येऊन ह्यांच्यासमोर जुने दोन चांगले फोटो धरले. "ह्यांतला फरक सांगा बघू."

"सारख्याच आहेत गो."

"अहो, ती रेघ! दिसत नाही?"

"माश्या त्या माश्या. सारख्याच."

माझं डोकंच फिरलं. मुद्दाम चिडवतात, दुसरं काय! दोन दिवस मी अबोला धरला. तिसऱ्या दिवशी रागारागाने स्वतःच फोन घेऊन परसात गेले. माझा हात ह्यांच्याइतका स्थिर नाही, तरी पहिल्याच फोटोत मिशी अगदी लख्ख. म्हणजे भिंग ठीक, फोन ठीक; ह्यांनाच नीट दिसत नव्हतं. काखेत कळसा आणि गावाला वळसा!

डॉक्टरांकडे नेलं, तर ह्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू निघाला. ऑपरेशनचं नाव काढलं की हे म्हणायचे, "पुढच्या वर्षी बघू." मी म्हटलं, "मग ही कोथिंबीर उपटते. माश्यांचे फोटोही पुढच्या वर्षीच." गेले बिचारे मुकाट्याने.

दुसऱ्या डोळ्याची पट्टी निघाल्यावर काही दिवसांनी मी तेच दोन फोटो पुढे केले. ह्यांनी क्षणात बोट ठेवलं. "ही मिशीवाली."

"मग तेव्हा सारख्याच कशाला म्हणालात?"

"वेगळ्या म्हटल्या असत्या तर तू विचारलं असतंस, कुठे वेगळ्या?" हे फोटोकडेच बघत होते. "दुकानही कंटाळून बंद केलं नव्हतं गो. घड्याळातले बारीक स्क्रू दिसेनासे झाले होते."

मला ह्यांचा भयंकर राग आला, आणि स्वतःचा त्याहून जास्त. माशीच्या पाठीवरची रेघ मला दिसत होती. ह्यांच्याकडे मात्र दोन वर्षं मी नीट पाहिलंच नव्हतं.