बादलीभर बर्फ

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, देवाला तर नाहीच. त्याला माहीत असेल, पण त्यानंही कधी विषय काढला नाही. माझ्या फजित्या मात्र अख्ख्या वडवणी तालुक्याला पाठ आहेत. आमच्या गावच्या दूध संस्थेचा मी सचिव. वार्षिक सभेत एकदा मागच्या वर्षीचंच भाषण वाचलं आणि टाळ्याही त्याच जागी पडल्या, हा किस्सा तर मी स्वतःच रंगवून सांगतो. पण एक किस्सा मी कधीच सांगत नाही. तो शेषराव सांगतो. आणि तो सांगतो तसा घडलेला नाही.

शेषराव म्हणजे संस्थेचा मेकॅनिक, माझ्या वर्गातला. त्या दुष्काळात जनावरं छावणीत गेली, दूध आटलं, आणि संस्थेची जुनी दुधाची गाडी नुसती उभी राहिली. तिला बघून त्याच्या डोक्यात किडा वळवळला. मागं फळ्यांचे दोन पलंग ठोकले, कोपऱ्यात स्टोव्ह, पाण्याला दुधाचे दोन कॅन. झालं घर! "चल बे सचिव, बर्फ बघून येऊ. तिकडं पानी दगडावानी पडलेलं असतंय म्हनं." चेअरमनला मी काय सांगितलं ते विचारू नका. ती थाप, पुढं सांगतो त्या थापेसमोर काहीच नाही.

पंधरा दिवसांनी आम्ही त्या उजाड पठारावर होतो — हिमाचल संपतो आणि लडाख सुरू होतो, त्या हद्दीवर. पोलीस चौकी मागं राहिलेली. झाड नाही, पाखरू नाही. रस्ता उघडा असण्याचा हंगाम संपत आलेला; दुपारपासून समोरून एकही ट्रक आला नव्हता. हे आम्हाला का खटकलं नाही? शेषरावचं डोकं विरळ हवेनं फुटायला आलं होतं. दोनदा ओकला. स्वतःच्या बैलाचं नाव आठवेना म्हणून आधी हसला, मग बोटं मोडत एकेक नाव घेऊन बघायला लागला. ते मला आवडलं नाही.

दिवस मावळताना तो आत आडवा झाला आणि म्हणाला, "रेडिएटरखालची तोटी उघड. समदं पानी सोड. न्हाईतर गोठंल अन् इंजिन फुटंल."

सोपं काम. मी बादली लावली, तोटी उघडली. पाणी आलं — कोमट, गंजाचा वास असलेलं, पण पाणी. बादली भरली तरी धार चालूच. कॅन? ते मी दर मुक्कामाला काठोकाठ भरून ठेवायचो. शेषराव मला त्यावरून टँकरवाला म्हणायचा. आता धार मातीत जायला लागली. गावात आठव्या दिवशी टँकर येतो, नळीतून गळणाऱ्या थेंबाखाली बाया तांब्या धरतात... आणि मी माझ्या हातानं पाणी मातीत सोडायचं?

मी तोटी बंद केली.

हसू येतंय ना? आणखी ऐका. शंभर पावलांवर नदी वाहत होती. तिचा आवाज येत होता. तो ऐकत ऐकतच मी तोटी बंद केली. आतून शेषरावनं विचारलं, "सोडलं का बे समदं?" मी म्हणालो, "सोडलं."

इथपर्यंतची चूक असती तर हाही किस्सा मीच सांगितला असता. दुष्काळी माणसाची गंमत म्हणून चार ठिकाणी खपलाही असता.

पहाटे मी आधी उठलो. बादलीतलं पाणी एकसंध दगड झालं होतं. बाहेर बर्फ भुरभुरत होता, ज्यासाठी आलो तो. मी बादलीकडं बघितलं, बोनेटकडं बघितलं. आत राहिलेल्या पाण्याचंही हेच झालं असणार, कळलं मला. आणि मी काय केलं? बादली उपडी केली, लाथ घालून तो बर्फ सुटा केला आणि खडकामागं ढकलून दिला. तोटी मी उघडली होती याचा तेवढाच पुरावा होता. मग हात पुसून चहा ठेवला.

इंजिनाला बोटभर लांब चीर गेली होती. शेषराव तिच्याकडं बघत राहिला. "तू सोडलंतं ना पानी?"

"मी? तूच म्हणालास ना, मी सोडतो, तू स्टोव्ह पेटव म्हणून."

इतक्या सहज निघालं तोंडातून. त्यानं कपाळ दाबलं. आठवायचा प्रयत्न करत होता. मी बघत होतो — एक माणूस स्वतःच्या डोक्यात काहीतरी शोधतोय, आणि ते तिथं नाही. शेवटी म्हणाला, "हां... आसंल. इसरलो मी. माजी चूक हाय, मी जातो चौकीवर."

"मी येतो," असं मी म्हणालो. एकदाच. हळू.

कॅनव्हासचे बूट घालून, हातांना उपरणं गुंडाळून तो गेला. दिवसभर मी गाडीत बसून होतो, कॅनवर पाय ठेवून. दुपारनंतर तर बर्फ इतका वाढला की रस्ता कुठला आणि नदीचा काठ कुठला, तेही दिसेना. संध्याकाळी लष्कराचा ट्रक आला. शेषराव आत बसलेला, उजवा हात पोटाशी धरून. बोटं आधी पांढरी, मग काळी. तीन काढावी लागली. मेकॅनिकचा उजवा हात.

आता तो संस्थेच्या ओट्यावर हा किस्सा सांगतो, उरलेली दोन बोटं नाचवत. "मीच येड्यावानी इसरलो की पानी सोडायला! कावून इसरलो, देव जाने." लोक हसतात. मीही हसतो, सगळ्यांत मोठ्यानं.

पण घरी कुलूप लावलं की तो तीनदा परत जाऊन ओढून बघतो. गॅस बंद केला का, हे बायकोला विचारतो, मग लेकीला. परवा माझ्या गाडीचा नट आवळायला मला सांगत होता, पाना माझ्या हातात, नट बसला, तरी विचारलं, "आवळला न्हवं? मला काय भरवसा न्हाई बाबा माजा."

आवळला होता. आणि त्या संध्याकाळीही शेषराव काहीच विसरला नव्हता. त्यानं सांगितलं होतं, विचारलंही होतं. तोटी मी बंद केली. बर्फ मी लपवला.