काचेखालचा कोंडा

माझ्या एका जुन्या कॉमिकची मधली चार पानं लहानपणापासून गायब आहेत. पूर्ण प्रत दवनीवाड्याच्या एका संग्राहकाकडे निघाली. माझ्याकडच्या दोन जादा अंकांच्या बदल्यात तो ती पानं स्कॅन करू द्यायला तयार झाला, पण त्याच्यासमोर आणि पिना न काढता. दुसऱ्या दिवशी ती प्रत नागपूरच्या गिऱ्हाइकाकडे जाणार होती.

तो गोंदियाला घरी आला. पहिल्याच पानाच्या स्कॅनमध्ये वरून खालपर्यंत पांढरी रेघ उमटली. स्कॅनरची काच पुसली, तरी रेघ तिथेच. तो बसची वेळ बघू लागला. मी स्कॅनरचे स्क्रू काढायला पेचकस आणला.

"ताई, काऊन खोलून राहिल्या? काच फुटली त?"

"फुटली तर माझी फुटेल. तुम्ही पुस्तक सांभाळा."

काच उचलली. तिच्या मागच्या बाजूला एक पांढरी पट्टी असते. स्कॅनर पांढरा रंग तिच्यावरून ठरवतो. तिच्यावर कोंड्याचा एक कण चिकटला होता. घरामागे राइसमिल आहे, कोंडा कुठेही शिरतो. कण पुसला, रेघ गेली.

पण पिनांजवळची अक्षरं पुसट येत होती. झाकण दाबायला हवं होतं, आणि दाबलं तर गंजलेल्या पिनांपाशी कागद फाटणार. मी हात मागे घेतला.

"सरका," म्हणत त्याने स्वतःचा तळवा झाकणावर ठेवला. "फाटलंच त माह्या हातानं फाटंल. गिऱ्हाइकाले मी सांगीन."

चारही पानं नीट आली. एका पिनेपाशी कागद थोडा फाटला. जाताना मी त्याला तिसरा अंकही दिला. तो नको म्हणाला नाही.