आधी किती?

तिरोडकर साहेबांना कुणी आनंदाची बातमी सांगितली की ते पहिला प्रश्न विचारत, "आधी किती?" माझ्या मुलाला गणितात साठ गुण मिळाले म्हणून मी पेढे घेऊन गेलो.

"गेल्या खेपेला किती होते?"

"छप्पन्न."

"मग चारच गुणांचे पेढे झाले, नाईक. उरलेले परत न्या." एक पेढा तोंडात टाकून त्यांनी पुडा खरोखरच परत दिला.

मालवणजवळच्या सरकारी नारळबागेचे ते प्रमुख, मी कारकून. शेर जाऊन किलो आले, ते दिवस. साहेब पुण्याहून कोव्हेरियन्स नावाचं गणित शिकून नवेच बदलून आले होते आणि हाताने फिरवायच्या यंत्रावर दिवसभर आकडेमोड करत. समोर कोणीही असो, त्याला ते समजावत. "दोघे हात वर करून उभे आसत. एकाचो हात उंच पोचता, पण तो बाकड्यार उभो आसा. आधी बाकडां काढ, मगे हात मोज. ह्याच कोव्हेरियन्स."

गुणाजी आमचा पाडेली, म्हणजे माडावर चढून नारळ पाडणारा. अकरा वर्षं रोजंदारीवर. रापणीतली, म्हणजे किनाऱ्यावर ओढायच्या जाळ्यातली, टाकाऊ मासळी मुळाशी पुरली की माड जास्त धरतात, असं त्याने घरच्या माडांचा दाखला देऊन साहेबांना सांगितलं. साहेबांनी प्रयोग आखला: बारा माडांना मासळी, बारांना नाही. "जिंकलंस तर तुका कायम करतंय." गुणाजीने समुद्राकडचे बारा माड मागितले. झाडं चिठ्ठ्या टाकून निवडायची असतात, हे साहेब जाणत होते. तरी हसले. "खंयचेय घे. आधीचे आकडे आसत. कोव्हेरियन्स सगळां निस्तारता."

मी याद्या करणारा माणूस. रोजची कामं खिशातल्या वहीत लिहायची, झालं की रेघ मारायची. प्रयोग सुरू झाला तेव्हा त्या वहीत एक ओळ आधीच्या साहेबांपासून चार वर्षं पुढच्या पानावर जात होती: "गुणाजीची पाटी, साहेबांना सांगणे." कामावर येताना तो घरून आणलेली मासळीची पाटी नेमक्या त्याच बारा माडांत रिकामी करायचा. हुकमाशिवाय झाडाला काही घालणं म्हणजे बडतर्फी. त्याच्यावर दया करून मी गप्प आहे, असं मी समजत होतो.

तीन वर्षांनी निकाल लागला. गुणाजीच्या माडांची सरासरी वर्षाला ऐंशी नारळ, दुसऱ्यांची साठ. गुणाजी धुतलेला सदरा घालून आला होता.

"आधी किती?" साहेबांनी विचारलं. मी नोंदवही वाचली. शहात्तर आणि सत्तावन्न. यंत्राचा दांडा फिरला. वीस नारळांचा फरक एकावर आला.

"तुझे माड आधीच बरे होते, गुणाजी. बाकडां काढलां. काय उराक नाय."

"सायबानू, तां बाकडां माझांच होतां," गुणाजी म्हणाला आणि पाटीचं सगळं सांगून बसला.

साहेब माझ्याकडे वळले. "नाईक, हे खरं?"

होय म्हटलं असतं तर त्याच्याबरोबर माझीही नोकरी गेली असती.

"नोंदवहीत नाही, साहेब."

"नोंद नाय, म्हणजे घातलंस नाय," साहेब गड्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. "आधी किती? रोजावर. आता किती? रोजावर. फरक शून्य!"

गडी हसले. मीही हसलो.

गुणाजी दुसऱ्या दिवसापासून आला नाही. देवगडला आंबे काढायला गेला आणि तिथे झाडावरून पडून कमरेखाली अधू झाला.

मासळी बंद झाली आणि पुढच्या तीन वर्षांत ते बारा माड उतरत उतरत अठ्ठावन्नवर आले. बाकीचे होते तिथेच होते. साहेबांनी आकडे दोनदा फिरवले. "आधीच्या आकड्यातच त्याची मासळी होती, नाईक. ती आपण वजा केली." मग म्हणाले, "तारकर्लीला गुणाजीकडे चला."

गुणाजी घरापुढच्या खळ्यात बाजेवर पडला होता. साहेब उभ्यानेच म्हणाले, "कायम करूची शिफारस धाडतंय."

उत्तर त्याच्या बायकोने दिलं. "आता माडार चढतलो कोण? आधी खंय होतात?"

परतताना साहेबांनी विचारलं, "तुम्हाला माहीत होतं?"

"होय."

"कधीपासून?"

"तुम्ही यायच्या आधीपासून."

वर्षभरात ते बदली मागून गेले. तोवर त्यांनी कुणालाही "आधी किती" विचारलं नाही. माझ्याशी कामापुरतंच बोलत.

तारकर्लीहून आलो त्या संध्याकाळी मी वही काढली. दहा वर्षं पुढे ढकललेल्या त्या ओळीवर रेघ मारली. काम झालं होतं.