गाव नसलेली बाटली

वाईनची बाटली हातात आली की मामा आधी तिच्या मोठ्या सोनेरी अक्षरांवर अंगठा ठेवायचे. ती झाकून मग खालची बारीक ओळ वाचायची. "नाव कुणीबी ठेवंल. गाव कुठलं, ते बघ."

शिरोली एमआयडीसीजवळच्या आमच्या हॉटेलात ते स्टोअर सांभाळायचे, सगळ्यांचेच मामा. सातवी शिकलेले, दारूच्या थेंबालाही न शिवलेले. आधी गुळाच्या सौद्यात होते. ढेप कुठल्या गावची, कुठल्या गुऱ्हाळाची, हे विचारल्याशिवाय भाव बोलायचे नाहीत. युरोपातल्या वाईनचंही तसंच असतं, हे त्यांनी लेबलं जुळवत, माझ्याकडून फोनवर शब्दांचे अर्थ बघून घेत, वहीत उतरवत शोधून काढलं. मी रिसेप्शनला. आमच्या घरातली पहिली पदवीधर.

"पोरी, नुसतं फ्रान्स लिवलं, तर द्राक्षं देशात कुठलीबी. मुलूख लिवला, तर त्या मुलखाची. आन गाव लिवलं, की द्राक्ष कुठलं, एकरी किती पिकवायचं, समदं कायद्यानं बांधल्यालं." मग हळूच, "चव कशी, ते मला इचारू नगंस."

नवे मॅनेजर आले. 'फ्रान्स' ठळक छापलेली बाटली त्यांनी मेनूत सगळ्यात वर, सगळ्यात महाग लावली. मामा म्हणाले, "सायेब, हिला गाव न्हाय. वाईट आसंल आसं न्हाय, पर वरचा भाव हिला शोभत न्हाय."

"मामा, सातवीवाल्यानं आम्हाला वाईन शिकवायची नाही."

सगळे हसले. डिग्री असून मी गप्प बसले, त्याची चीड अजून जात नाही.

पुढच्याच आठवड्यात एका फाउंड्रीचे फ्रेंच पाहुणे जेवायला आले. एकानं बाटली फिरवून बघितली आणि सभ्यपणे म्हणाला, "ही आम्ही घरी रोजच्या जेवणाला घेतो." मॅनेजरनी लगेच सांगून टाकलं, स्टोअरनं चुकीची बाटली काढली. मामांपुढं माफीचा कागद आला. सही करा, नाहीतर घरी जा.

"चुकलं आसतं तर केली आसती की," मामा म्हणाले. किल्ल्या माझ्या काउंटरवर ठेवल्या आणि गेले.

आता मेनू सुधारलाय. प्रत्येक बाटलीपुढं मुलूख आहे, गाव आहे. सगळं मामांच्या वहीतलं, खाली नाव मॅनेजरांचं. तुम्ही तो वाचलात तर म्हणाल, काय अभ्यासू माणूस. म्हणा.

मामांना भेटायचं म्हणून मी स्टाफचं रजिस्टर उघडलं. सोळा वर्षं राबलेल्या माणसाच्या पत्त्यात एकच शब्द: कोल्हापूर.

ते उचगावातनं यायचे, एवढं माहीत होतं. रविवारी विचारत विचारत घर गाठलं. कुलूप. शेजारीण म्हणाली, "लेकीकडं गेल्यात. आता न्हाईत येत."

सोमवारी मॅनेजरांसमोर पेन काढलं आणि गल्लीसकट, घराच्या नंबरासकट मामांचं गाव रजिस्टरात 'कोल्हापूर'च्या आधी लिहिलं.