उरी ते मन्हं

अक्काचा उजवा हात कोपरापर्यंत डाव्यापेक्षा पांढरट आणि खरखरीत होता. गिरणा नदीच्या रेतीत जन्मभर खुपसून तो तसा झाला होता. आमच्या पाचोऱ्याच्या घरी ती उन्हाळाभर डांगरं विकायला यायची. डांगर म्हणजे आमच्याकडचं खरबूज. मी फळ उचलून वास घेऊ लागलो की ती चिडायची.

"भाऊ, नाक कसाले लावस? गोड नही निंघनं ते मन्हा तोंडवर मार!"

तशी वेळ कधी आली नाही. ती फळं शेतातली नव्हतीच. पूर ओसरून रेती उघडी पडली की काठावरची भोयांची घरं नदीच्या पात्रातच वाड्या लावत. ओल लागेपर्यंत चर खणायचे, शेणखत टाकायचं आणि त्यात बी लावायचं. पात्र कोणाच्याच मालकीचं नाही आणि दर पुरात ते बदलतं, म्हणून वाटणीही दरसाल नव्याने व्हायची. एकदा ती पाहायला मी मुद्दाम गेलो. अक्का पुढे, बाकीची माणसं मागे. ती वाकून रेतीत कोपरापर्यंत हात घालायची, जरा थांबायची आणि "वल शे" म्हणाली की तिथे निरगुडीची फांदी रोवली जायची. मग एकेका घराने आपली जागा निवडायची. ओल शोधणारी अक्का मात्र सगळ्यांच्या शेवटी.

"अक्का, चांगली जागा आधी तुम्ही का घेत नाही?" मी विचारलं.

"हात मन्हा शे, नदी मन्ही नही," ती म्हणाली. "उरी ते मन्हं."

उरेल ते माझं. लग्नाच्या पंगतीतसुद्धा ती शेवटी बसायची आणि वाढप्याला हेच ऐकवायची. लोक हसत. मीही हसायचो.

आमच्या खानदेशाचा संसार तापी आणि तिच्या उपनद्यांवर चालतो. गिरणेचं पाणी वर धरणात अडतं, आवर्तन सुटलं की कालव्याने पिकांना जातं, गावोगावच्या टाक्यांत चढतं. पात्राला उरते ती रेती. तेवढी तरी राहील असं अक्काला वाटत होतं. पण धुळ्यापासून जळगावपर्यंत बंगले उठू लागले आणि पात्रात ट्रॅक्टर उतरले. रेती गेली, खालची पिवळी चिकणमाती उघडी पडली. तिच्यात बी कुजायचं. वाड्या एकेक करून मोडल्या. अक्काचा मुलगा मुरलीधर ट्रॅक्टरवर कामाला लागला, तोही रेतीच्याच.

मी घराचा वरचा मजला काढला तेव्हा कंत्राटदाराने मागवलेली रेती घेऊन तोच आला. त्याच सकाळी अक्काही दारात होती. त्या वर्षी तिच्या टोपलीत बाजारातून घेतलेली, प्लास्टिकच्या आच्छादनावर पिकलेली डांगरं होती. तोंडावर मारायची भाषा तिने केली नाही. ती उठली, ढिगाशी गेली आणि कोपरापर्यंत हात आत घातला.

"आम्हना वाडीनी शे ही."

मुरलीधर खाली बघत म्हणाला, "माय, मी नही भरसु, ते दुसरा भरी."

"दुसरानी माय नदीमा नही बठेल. तुन्ही बठेल शे."

तो ट्रॅक्टर चालू करून निघून गेला. मला कुठे पाहावं कळेना. घर माझंच बांधलं जात होतं. अक्काने हात झटकला आणि माझ्याकडे बघून हसली. मला ते हसू अजून सोसत नाही.

"भाऊ, बांधीसन व्हयनं का, उरी ते मन्हं."

काम संपलं तेव्हा कोपऱ्यात गुडघाभर ढीग उरला. दिवाळीनंतर अक्का बी घेऊन आली. चर खणला, खत टाकलं आणि न्हाणीघराचं पाणी तिकडे वळवून घेतलं. आठवड्याला एसटीने यायची, वेलीशी बसायची, ओल बघायची. माझी बायको तिला चहा द्यायची. पुढे तिला खोकला धरला, तेव्हा येणं लांबत गेलं. वेलीला लिंबाएवढी फळं धरली आणि ती यायचीच थांबली.

तिच्या दहाव्यानंतर मुरलीधर सांगायला आला. मी त्याला ढिगाकडे नेलं. त्याने वेलीची पानं बाजूला सारली. मग तिच्यासारखाच वाकला आणि कोपरापर्यंत हात आत घातला.

"वल शे," तो म्हणाला आणि मोठ्याने रडू लागला.

फळं पोसेपर्यंत तो दर आठवड्याला येऊन पाणी घालत राहिला. पहिलं डांगर कापलं तेव्हा त्याने फोड आधी मला दिली. फळ अगदीच पाणचट होतं. मी गोड आहे म्हणालो. त्याने स्वतः खाऊन पाहिलं. उरलेली रेती गोण्यांत भरून त्याने मोटारसायकलवर लादली. तिची वाडी होती तिथे टाकतो म्हणाला. पहिल्या पुरात ती वाहून जाईल, हे त्याला माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक होतं.