चाचांनी पोचवलेलं बक्षीस

निजामी अंमलाच्या अखेरच्या धामधुमीत आम्ही आमचं तेर गाव सोडून हद्दीपलीकडं बार्शीच्या छावणीत राहत होतो. एका दुपारी तिथं आमच्या उस्मानाबादच्या हायस्कुलातले म्हातारे चपराशी उभे दिसले. त्यांचं नाव आम्हा पोरांना ठाऊक नव्हतं; सगळे चाचा म्हणत. रोज घंटा दिली की फाटकाशी थांबून ते उशिरा येणाऱ्यांना हातानंच 'चला, चला' करायचे.

त्यांच्याजवळ नवी कोरी शाल होती. पण ती अंगावर न घेता, तिच्यात काहीतरी गुंडाळून त्यांनी काखेत धरली होती.

"काल शाळेच्या बक्षिसांच्या जलशात मला नोकरीतनं निरोप दिला," ते म्हणाले. "वर्गात पहिला म्हणून तुझं नाव पुकारलं, तर कुणीच उठलं न्हाय. हे तुला दिल्याबिगर माझी नोकरी पुरी व्हायची न्हाय."

शालीतून जाडजूड डिक्शनरी निघाली. लगेच हातात न देता त्यांनी माझ्या सदऱ्याची गुंडी लावली आणि चार पावलं मागं जाऊन माझं पूर्ण नाव मोठ्यानं पुकारलं. मी पुढं झालो. पुस्तक देऊन त्यांनी एकट्यानंच टाळ्या वाजवल्या. मग राहुट्यांतून माणसं बाहेर आली आणि तीही वाजवू लागली.

मी चाचांच्या पायांशी वाकलो. त्यांनी मला खांद्याला धरून मागं उभ्या असलेल्या आईकडं वळवलं.

"आधी तिच्या," ते म्हणाले.