काकांनी उलटा लावलेला कंडेन्सर

भाऊजी लढाईवरून सुखरूप परत आले, हे आधीच सांगून टाकते. नाहीतर तुमचा जीव त्यांच्यातच अडकून राहील. मला तुमचा राग हवा आहे, अख्खा, आणि तो माझ्या काकांसाठी.

बांगलादेशच्या युद्धाचा हिवाळा होता. जबलपूरला आमच्या फॅक्टरी क्वार्टर्समध्ये भोंगा वेळीअवेळी वाजायचा. काका ओव्हरटाइम करून सायकलवरून परतायचे आणि सगळ्या तोफा एकट्यानं ओतून आल्याच्या थाटात फाटकातूनच चहा मागायचे. भाऊजी सीमेवर, म्हणून थोरली ताई माहेरी आली होती. आणि नेमका तेव्हाच घरचा ट्रान्झिस्टर बिघडला. बातम्या लागल्या की निवेदकाच्या आवाजावर भटभट-भटभट, जणू स्टुडिओत कोणी फटफटी घेऊन शिरला आहे.

रेडिओ शेजारच्या चाचीजींकडेही होता, चांगला पेटीएवढा. पण तिथे बातम्यांना सगळी आळी जमायची आणि रेडिओकडे कोणी बघायचंच नाही. सगळे बघायचे ताईच्या तोंडाकडे. एखाद्या चौकीचं नाव आलं की चाचीजी तिचा हात धरायच्या, "रो लो बेटी, अपना ही घर है." ताईला रडायचं नव्हतं. बातमी कानावर पडेल तेव्हा आपल्या चेहऱ्यावर कोणाचे डोळे नसावेत, एवढंच तिला हवं होतं. तिनं काकांना तसं स्पष्ट सांगितलं.

काका फॅक्टरीत मेंटेनन्सला. मोहल्ल्यातल्या प्रत्येक जुन्या, व्हॉल्ववाल्या रेडिओचं पोट त्यांनी उघडलेलं. त्यांनी अंगणात उन्हात सतरंजी अंथरवली, पंचा पसरला, आम्हाला गोल बसवलं आणि ट्रान्झिस्टरचं झाकण असं काढलं की टाळ्याच वाजवाव्यात.

"कंडेन्सर गेला," त्यांनी जाहीर केलं. निदान बरोबर होतं, हे मी रागातही मान्य करते. जुना कंडेन्सर त्यांनी उपटला आणि मागे न बघता भिरकावला. गोहलपूरच्या दुकानातून नवा आणला होता, बोटाच्या पेराएवढी चकचकीत नळी.

मी तेव्हा बी.एस्सी.ला होते. ती नळी हातात घेऊन वाचली. त्यात वाचायला फार काही नसतंच! शंभर हा आकडा त्याची क्षमता, बारा म्हणजे सोसेल तेवढे व्होल्ट, आणि एका टोकाला, खाचेच्या बाजूला, प्लसची खूण. ट्रान्झिस्टरच्या आतल्या पाटीवरही छिद्राशेजारी प्लस छापलेला. प्लसला प्लस लावायचा. संपलं.

"काका, प्लस या बाजूला."

"मायनस नेहमी चेसीला, सांगाड्याला, बाई."

"व्हॉल्ववाल्यात. या सेटमध्ये चेसीला प्लस आहे. बघा ना, छापलंय!"

"काहून ओरडून राहिली? छापणाऱ्याला काय कळतं? मी हे डोळे मिटून करतो."

आणि केलंही तसंच. उलटाच डाख देऊन बसवला. दुर्दैव असं की ट्रान्झिस्टर लागला! स्वच्छ आवाज, भटभट गायब. काकांनी माझ्याकडे जो कटाक्ष टाकला तो मला अजून पाठ आहे. आईनं त्यांना बेसनाचा लाडू दिला. त्या लाडवाचाही मला राग आहे.

संध्याकाळी ताई ट्रान्झिस्टर जवळ घेऊन बसली. निवेदकानं भाऊजींच्या भागाचं नाव घेतलं, "येथे आमच्या सैन्याने" म्हणाला, आणि फट्! आतून धूर, सडक्या मासळीसारखा वास, आणि शांतता. सैन्यानं काय केलं, ते कळलंच नाही.

ताई उठली, चप्पल घातली आणि चाचीजींकडे गेली. तासाभरानं परत आली. पदरावर चाचीजींच्या हातची हळद लागली होती. तिनं तोंड धुतलं आणि बराच वेळ धूत राहिली. काकांचं बोलणं चालूच होतं. "माल खराब. गोहलपूरवाल्याची उद्या खबर घेतो."

दुसऱ्या दिवशी त्या बिचाऱ्या दुकानदाराला चार गोष्टी सुनावून काका नवा कंडेन्सर घेऊन आले. पुन्हा सतरंजी, पुन्हा पंचा. आणि पुन्हा, देवाशप्पथ, तेच टोक त्याच छिद्रात!

माझा आवाज मैदानापलीकडच्या क्वार्टर्सपर्यंत गेला असेल. "वाचा! काका, मोठ्यानं वाचा त्यावर काय लिहिलंय!"

"मला शिकवून राहिली?"

"शिकवू नको म्हणता, वाचतही नाही, मग कंपनी ती खूण कशाला छापते? शोभेला?"

आई "अगं, अगं" करत धावली. ताईनं काकांच्या हातातली डाख द्यायची गरम सळई नीट मुठीकडून धरून काढून घेतली आणि माझ्या हातात दिली.

"जळालं तर माझ्याकडे येऊ नका," काका म्हणाले आणि पाठ फिरवून बसले. मी प्लसला प्लस लावला. नवे सेल घातले. ट्रान्झिस्टर लागला, तास झाला तरी लागलेला, आणि नळीला हात लावला तर थंडगार.

"बघितलं?" काका कुंपणापलीकडे चाचीजींना सांगत होते. "माल बदलला, काम झालं."

मी काही बोलणार, तेवढ्यात बातम्यांची वेळ झाली. ताईनं ट्रान्झिस्टर उचलला, आतल्या खोलीत नेला आणि कडी लावली.

मी दार वाजवलं. "ताई! अगं, मी आहे! मीच दुरुस्त केला ना?"

"हो. छान केलास. आता जा."

मी! मलाही बाहेर! मी दाराला कान लावला. निवेदकाचा नुसता सूर ऐकू येत होता, शब्द एकही नाही. मागून काका आले.

"सरक जरा."

"तुम्ही उलटा लावला होता."

"माल खराब होता."

"उलटा होता!"

"हळू," काका कुजबुजले. "तिला बातम्या ऐकू दे."

मग बातम्या संपेपर्यंत आम्ही त्या दाराशी कुजबुजतच भांडलो.